ओहायओ खोऱ्यातील सत्तासंघर्ष

उत्तर अमेरिकेतील ओहायओ नदीच्या वरच्या खोऱ्यावर स्वामित्व मिळविण्यासाठी इंग्रज, फ्रेंच व तेथील अमेरिकन इंडियन राष्ट्रे यांच्यात अठराव्या शतकात (१७४४–७४) झालेला संघर्ष. ॲलेगेनी व मनॉन्गहेला या नद्यांच्या संगमातून ओहायओ नदी बनते. हा संगम (विद्यमान पिट्सबर्ग शहर, पेनसिल्व्हेनिया राज्य) या संघर्षाचा केंद्रबिंदू होता. तेथे १७५४ मध्ये उडालेल्या चकमकींतून वसाहतींमधील युद्ध पेटले आणि दोन वर्षांनी त्याचे पर्यवसान यूरोप, वेस्ट इंडीज व भारत येथवर पसरलेल्या सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) झाले. जुन्या इतिहासग्रंथांत या संघर्षाचे वर्णन बहुधा इंग्लंड व फ्रान्स यांमधील द्वंद्व असे आढळते. ते अपुरे आहे. दोन्ही सत्तांचे या प्रदेशावरील हक्क दीर्घकाळ केवळ सनदांत व नकाशांत होते. जमीन प्रत्यक्षात डेलावेअर, शॉनी व मिंगो या राष्ट्रांच्या वहिवाटीत होती आणि त्यांच्या संमतीवाचून कोणत्याही सैन्याला तेथे फार काळ टिकता आले नाही. तथापि जमिनीचा निवाडा करणाऱ्या महत्त्वाच्या दस्तऐवजांवर बव्हंशी त्यांची संमती नाही.

भौगोलिक पार्श्वभूमी : अटलांटिक किनाऱ्यावरील इंग्रज वसाहती व ओहायओचे खोरे यांच्यामध्ये ॲपालॅचियन पर्वताच्या एकामागून एक समांतर रांगा आडव्या पडलेल्या आहेत. या भागात त्यांची उंची सर्वसाधारणपणे ६०० ते ९०० मी. आहे. म्हणजे ती सह्याद्रीच्या मानानेही फारशी नाही. परंतु रांगांची संख्या, घनदाट अरण्य व खिंडींची विरळता यांमुळे गाडे व तोफा पलीकडे नेणे अतिशय कष्टाचे होते. पूर्वेकडे वाहणाऱ्या पोटोमॅक व सस्क्वेहॅना या नद्यांचा पर्वत ओलांडण्यास उपयोग नव्हता. इंग्रज व्यापारी ओझ्याच्या घोड्यांवर माल लादून पायवाटांनी पलीकडे जात.

फ्रेंचांची स्थिती नेमकी उलट होती. क्वीबेक (स्थापना १६०८) व माँट्रिऑल येथून सेंट लॉरेन्स नदी व पंचमहासरोवरे यांमार्गे भूर्जाच्या सालीच्या हलक्या होड्यांतून खंडाच्या अंतर्भागात शिरता येई. एका जलप्रवाहातून दुसऱ्यात जाताना होडी व माल खांद्यावर घेऊन खुश्कीचा टप्पा पार करावा लागे. ईअरी सरोवराच्या दक्षिण काठापासून फ्रेंच क्रीक या उपनदीपर्यंतचा असा टप्पा अवघा २४ किमी. होता. तेथून प्रवाहाबरोबर ॲलेगेनी, ओहायओ व पुढे मिसिसिपी नदीतून थेट न्यू ऑर्लीन्सपर्यंत (स्थापना १७१८) जलमार्ग मोकळा होता. कॅनडा व लुइझिअॅना या दोन फ्रेंच प्रदेशांना जोडणारा हा जवळचा दुवा इंग्रजांच्या हाती गेल्यास फ्रेंच साम्राज्याचे दोन तुकडे पडतील, ही फ्रेंच राज्यपालांची धास्ती होती. मात्र या मार्गाला दोन उणिवा होत्या : हिवाळ्यात तो गोठे आणि कोरड्या ऋतूत फ्रेंच क्रीकसारख्या उथळ प्रवाहांत होड्या तळाला लागत. शिवाय माँट्रिऑलपासून आणलेला माल महाग पडे. इंग्रजांचा माल डोंगर चढून येऊनही स्वस्त असे. खोऱ्यातील राजकारणाचा बराचसा उलगडा या साध्या व्यापारी वस्तुस्थितीतून होतो.

लोकसंख्येतील तफावतही लक्षणीय होती. १७५० च्या सुमारास इंग्रज वसाहतींची वस्ती दहा लाखांवर गेली होती, तर उत्तर अमेरिकेतील फ्रेंचांची वस्ती सु. ६०,००० ते ७०,००० च होती. फ्रेंचांना खोऱ्यात व्यापारी ठाणी व मित्र हवे होते. इंग्रज वसाहतींतील भूधारकांना व जमिनीच्या व्यापाऱ्यांना जमीनच हवी होती. इंडियन राष्ट्रांना हा भेद चांगला उमगला होता.

खोऱ्यातील रहिवासी व त्यांच्या नावाने झालेली विक्री : सतराव्या शतकात बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारासाठी इरोक्वाय संघाने केलेल्या युद्धांत ओहायओचे वरचे खोरे बव्हंशी ओसाड झाले होते. मोहॉक, ओनायडा, ओनंडागा, कायूगा व सेनेका या पाच राष्ट्रांच्या या संघात १७२२ च्या सुमारास टस्करोरा हे सहावे राष्ट्र सामील झाले. १७२० नंतर ओसाड खोऱ्यात नव्याने वस्ती होऊ लागली. पूर्व पेनसिल्व्हेनियातून रेटले गेलेले डेलावेअर (लेनापी), विखुरलेले शॉनी आणि मूळ संघापासून दुरावलेले इरोक्वाय (मिंगो) येथे आले. डेलावेअरांच्या मनात १७३७ ची जखम ताजी होती. त्या वर्षी एका जुन्या संशयास्पद खतानुसार ‘माणूस दीड दिवसात चालून जाईल तेवढी’ जमीन पेनसिल्व्हेनियाच्या मालकांना मिळावयाची होती. मालकांनी त्यासाठी झाडी तोडून वाट आखली, निवडक धावपटू लावले आणि सु. ३,१०० चौ. किमी. प्रदेश पदरात पाडून घेतला. डेलावेअरांनी तक्रार केली, तेव्हा इरोक्वाय संघाच्या प्रवक्त्याने १७४२ मध्ये इंग्रजांच्या समक्ष त्यांनाच जमीन सोडून जाण्यास बजावले.

इरोक्वाय संघाने खोऱ्यातील राष्ट्रांना आपले अंकित मानले आणि इंग्रजांनी हे अधिराज्य सोयीस्कर म्हणून उचलून धरले. कारण ज्याच्याशी करार करावयाचा तो धनी एकच असला, की जमीन घेणे सुलभ होते. लँकेस्टर येथील तहात (१७४४) व्हर्जिनियाने इरोक्वायांना २०० पौंडांचा माल व २०० पौंडांचे सोने दिले. आपण शेनँडोआ खोऱ्यावरील हक्क सोडला, अशी इरोक्वाय प्रतिनिधींची समजूत होती. खतातील शब्दांनुसार मात्र व्हर्जिनियाला त्याच्या सनदेतील सर्व प्रदेश मिळाला होता आणि १६०९ ची ती सनद एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत होती. या खताच्या आधारावर १७४९ मध्ये व्हर्जिनियातील जमीनदारांच्या ओहायओ कंपनीला संगमाच्या परिसरातील २ लाख एकर जमीन देण्यात आली. सात वर्षांत शंभर कुटुंबे वसवून किल्ला बांधल्यास आणखी ३ लाख एकर मिळावयाचे होते. जॉर्ज वॉशिंग्टन याचे दोन वडील बंधू कंपनीचे भागीदार होते. जेथे ही जमीन होती, तेथील कोणालाही लँकेस्टरला बोलाविण्यात आले नव्हते.

त्याच वर्षी कॅनडाच्या राज्यपालाने सेलरॉन द ब्लँव्हिल या अधिकाऱ्यास दोनशेहून अधिक माणसांनिशी ओहायओवर धाडले. नद्यांच्या मुखांशी त्याने फ्रान्सच्या राजाचा हक्क सांगणारे शिशाचे पत्रे पुरले. गावोगावी त्याचे स्वागत थंडपणे झाले आणि इंग्रजांच्या भावात माल देणे फ्रेंचांना शक्य नाही, हे त्याने मान्य केले. त्यांपैकी एक पत्रा १७९८ मध्ये मस्किंगम नदीच्या मुखापाशी पोहणाऱ्या मुलांना सापडला. त्याचा काही भाग वितळवून त्यांनी बंदुकीच्या गोळ्या केल्या.

शिशाच्या पत्र्यांनी व्यापार थांबला नाही. ग्रेट मायामी नदीवरील पिकाविलनी या मायामी लोकांच्या गावी जॉर्ज क्रोगन प्रभृती पेनसिल्व्हेनियाच्या व्यापाऱ्यांची मोठी पेठ होती. २१ जून १७५२ रोजी शार्ल लांग्लाद याच्या नेतृत्वाखाली ओटावा व ऑजिब्वा योद्ध्यांनी ती उद्ध्वस्त करून मायामी प्रमुख मेमेस्किया यास ठार केले. इंग्रज आपल्या मित्रांच्या मदतीला आले नाहीत, ही गोष्ट सर्व खोऱ्याने लक्षात ठेवली.

संगमावरील चढाओढ : नवा राज्यपाल मार्की दुकेन याने १७५३ मध्ये मोठी फौज पाठवून खुश्कीच्या टप्प्याच्या दोन टोकांना प्रेस्क आयल व ल बफ हे किल्ले उभारले. रोगराई व फ्रेंच क्रीकचे आटलेले पाणी यांमुळे त्या वर्षी फौज संगमापर्यंत पोहोचू शकली नाही. व्हर्जिनियाचा उपराज्यपाल रॉबर्ट डिनविडी हा स्वतः ओहायओ कंपनीचा भागीदार होता. फ्रेंचांनी निघून जावे, असा खलिता घेऊन त्याने एकवीस वर्षांच्या वॉशिंग्टनला पाठविले. डिसेंबरमध्ये ल बफ येथे त्याचे सौजन्यपूर्ण स्वागत होऊन नकार मिळाला. वाटेत त्याने संगमाची जागा पाहिली व किल्ल्यासाठी ती उत्तम असल्याचे नमूद केले. १७५४ च्या आरंभी व्हर्जिनियाच्या एका लहान तुकडीने तेथे किल्ल्याचे काम सुरू केले. परंतु १७ एप्रिल रोजी फ्रेंच होड्यांचा काफिला तोफांसह उतरला व तुकडीला लढाईवाचून माघार घ्यावी लागली. फ्रेंचांनी तेथेच दुकेन किल्ला बांधला.

२८ मे रोजी वॉशिंग्टनने मिंगो प्रमुख टॅनाग्रिसन याच्या सोबतीने एका फ्रेंच तुकडीवर पहाटे हल्ला केला. तीत तुकडीचा अधिकारी झ्यूमॉनव्हिल मारला गेला. आपण वकील म्हणून जात होतो, असा फ्रेंचांचा दावा होता. त्याचा भाऊ सूड घेण्यास आला, तेव्हा वॉशिंग्टनने ग्रेट मेडोज या सखल कुरणात लाकडी मेढेकोट (फोर्ट नेसेसिटी) उभारला होता. सभोवारच्या टेकाडांवरील झाडीतून तो सहज माऱ्यात येत होता. टॅनाग्रिसनने जागेची निवड व वॉशिंग्टनची वागणूक यांना नावे ठेवून आपल्या लोकांसह आधीच काढता पाय घेतला होता. ३ जुलैच्या पावसात बंदुकीची दारू भिजली आणि वॉशिंग्टनने शरणागती पतकरली. फ्रेंच भाषेतील शरणपत्रात झ्यूमॉनव्हिलचा ‘खून’ झाल्याची कबुली होती. ती भाषा न जाणणाऱ्या वॉशिंग्टनने त्यावर सही केली.

ब्रॅडकचा रस्ता व फोर्ब्झचा रस्ता : पुढील चार वर्षांच्या लष्करी इतिहासाचा गाभा दोन रस्त्यांच्या तुलनेत आहे. १७५५ मध्ये जनरल एडवर्ड ब्रॅडक दोन हजारांवर सैन्य घेऊन पोटोमॅकवरील कंबर्लंड किल्ल्यातून निघाला. दुकेन किल्ला सु. १८० किमी. दूर होता. झाडे तोडून सु. ३·५ मी. रुंदीचा रस्ता काढीत, जड तोफा व गाडे ओढीत सैन्य सरकत होते. हे गाडे बेंजामिन फ्रँक्लिनने पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांकडून मिळवून दिले होते. काही दिवशी जेमतेम तीन-चार किमी. वाटचाल होई. मोहिमेपूर्वी डेलावेअर प्रमुख शिंगास याने ब्रॅडकला विचारले, की फ्रेंचांना हाकलल्यावर या जमिनीचे काय होणार? शिंगासने पुढे सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे, जमिनीवर इंग्रजच राहतील, असे त्याला उत्तर मिळाले. त्यावर डेलावेअर व शॉनी निघून गेले आणि ब्रॅडकबरोबर वाटाडे म्हणून जेमतेम आठ इंडियन उरले. ९ जुलै रोजी मनॉन्गहेला ओलांडल्यावर त्याची सु. १,४०० जणांची बिनीची फौज झाडीत विखुरलेल्या फ्रेंच व इंडियन योद्ध्यांच्या कचाट्यात सापडली. संख्येने ते कमी होते व त्यांत इंडियनच बहुसंख्य होते. सु. ९०० इंग्रज ठार व जखमी झाले. ब्रॅडकही चार दिवसांनी मरण पावला. या पराभवाचे खापर यूरोपीय कवायतीवर फोडण्याची प्रथा आहे. परंतु वाट अडवील की दाखवील हे ज्यांच्या हाती होते, त्यांना दुखावून मोहीम काढणे ही चूक अधिक मूलभूत होती. त्यानंतर त्याच रस्त्याने डेलावेअर व शॉनी टोळ्या पूर्वेकडे आल्या. पेनसिल्व्हेनिया व व्हर्जिनियाच्या सीमेवरील शेकडो शेतवाड्या जळाल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे कैद झाली किंवा परागंदा झाली.

१७५८ मध्ये जनरल जॉन फोर्ब्झ याने वेगळा मार्ग धरला. पेनसिल्व्हेनियातून सरळ पश्चिमेला नवा रस्ता काढून त्याने टप्प्याटप्प्यावर बेडफर्ड, लिगोनिअर यांसारखी कोठारांची ठाणी उभारली, म्हणजे माघार घेण्याची वेळ आलीच, तर पाठीशी आधार राहावा. वॉशिंग्टनने जुना ब्रॅडक मार्गच वापरावा, असा हट्ट धरला होता. त्यात लष्करी विचारापेक्षा व्हर्जिनियाचा स्वार्थ अधिक होता; कारण युद्धानंतर खोऱ्याचा व्यापार ज्या रस्त्याने उतरेल, त्या वसाहतीची भरभराट होणार होती. फोर्ब्झने तो मानला नाही. आजारामुळे स्वतः डोलीत पडून प्रवास करणाऱ्या या सेनापतीने दुसरी एक गोष्ट ओळखली : इंडियनांशी तह झाल्याखेरीज किल्ला हाती येणार नाही. मोरेव्हियन धर्मोपदेशक फ्रेडरिक पोस्ट जिवावर उदार होऊन ओहायओवरील डेलावेअर गावांत गेला. ऑक्टोबर १७५८ मध्ये ईस्टन येथे तेरा राष्ट्रांच्या पाचशेहून अधिक लोकांच्या परिषदेत तह झाला. पर्वतापलीकडील १७५४ ची आपली खरेदी पेनसिल्व्हेनियाने परत केली व तेथे वसाहत न करण्याचे आश्वासन दिले. ऑगस्टमध्ये ऑन्टॅरिओ सरोवरावरील फ्राँतनॅक किल्ला इंग्रजांनी जिंकल्याने दुकेनची रसद आधीच तुटली होती. आता मित्रही गेले. २४ नोव्हेंबर रोजी फ्रेंचांनी आपला किल्ला सुरुंगाने उडविला. दुसऱ्या दिवशी फोर्ब्झने राखेवर निशाण लावून जागेला प्रधान विल्यम पिट याचे नाव दिले. संगम असा न लढताच जिंकला गेला.

क्वीबेक (१७५९) व माँट्रिऑल (१७६०) पडल्यावर कॅनडातील फ्रेंच सत्ता संपली. याच युद्धात भारतात वांदिवाशच्या लढाईने (१७६०) फ्रेंचांचा जोर मोडला. पॅरिसच्या तहाने (१० फेब्रुवारी १७६३) मिसिसिपीच्या पूर्वेकडील फ्रेंच प्रदेश न्यू ऑर्लीन्स वगळून इंग्लंडला मिळाला. फ्रेंचांनी जे कधी आपले नव्हतेच ते देऊन टाकले, ही इंडियनांची प्रतिक्रिया कायद्याच्या दृष्टीनेही विचारात घेण्याजोगी होती.

पाँटिॲकचे युद्ध व १७६३ ची रेषा : ईस्टनचे आश्वासन पाळले गेले नाही. संगमावर दुकेनहून कितीतरी मोठा पिट किल्ला उभा राहिला (१७५९–६१) आणि त्याच्या छायेत वस्ती वाढू लागली. सरसेनापती जेफ्री ॲम्हर्स्ट याने काटकसर म्हणून भेटवस्तूंची प्रथा बंद केली व बंदुकीच्या दारूची विक्री मर्यादित केली. इंग्रज हिशेबनिसाच्या लेखी भेटवस्तू हा फुकटचा खर्च होता. इंडियनांच्या लेखी तो त्यांच्या भूमीवरून जाण्याचा व तेथे राहण्याचा मोबदला होता. डेलावेअर द्रष्टा नेओलिन गोऱ्यांच्या वस्तू व मद्य सोडून पूर्वजांच्या रीतीकडे वळण्याचा उपदेश करीत होता. मे १७६३ मध्ये ओटावा प्रमुख पाँटिॲकने डिट्रॉइटला वेढा घातला आणि थोड्याच आठवड्यांत आठ इंग्रज ठाणी पडली. प्रेस्क आयल व ल बफ ही खुश्कीच्या टप्प्यावरील ठाणी त्यांत होती. डिट्रॉइट, नायगारा व पिट एवढे किल्ले टिकले. वेढ्यात असलेल्या पिट किल्ल्यातून २४ जून रोजी बोलणी करण्यास आलेल्या डेलावेअर प्रमुखांना देवीच्या रुग्णालयातील दोन कांबळी व एक रुमाल भेट देण्यात आले. ही नोंद किल्ल्यातील एका व्यापाऱ्याच्याच रोजनिशीत असल्याने तिच्याविषयी शंका घेण्यास जागा नाही. ऑगस्टमध्ये कर्नल हेन्री बूके याने बुशी रन येथे जय मिळवून वेढा उठविला. पण खोरे शस्त्रबळाने जिंकले गेले नाही.

७ ऑक्टोबर १७६३ च्या राजघोषणेने अटलांटिकला मिळणाऱ्या नद्यांच्या उगमांमधून सीमा आखली आणि तिच्या पश्चिमेस वसाहत करण्यास, तसेच खाजगी व्यक्तींनी इंडियनांकडून जमीन घेण्यास मनाई केली. जलविभाजक ही राजकीय सीमा ठरली. निसर्गाची रेषा नकाशावर स्पष्ट असली, तरी ती राखण्यास शिबंदी लागते आणि शिबंदीला पैसा. तो वसाहतींवर कर बसवून उभारण्याच्या प्रयत्नातून १७६५ च्या मुद्रांक कायद्याचा वाद उद्‌भवला. वस्ती करणारे मात्र खिंडी ओलांडतच राहिले.

त्यानंतर लँकेस्टरची पुनरावृत्ती झाली. फोर्ट स्टॅनविक्स येथे (१७६८) सर विल्यम जॉन्सन याने १०,००० पौंडांहून अधिक रकमेच्या मोबदल्यात इरोक्वाय संघाकडून ओहायओच्या दक्षिणेचा प्रदेश टेनेसी नदीपर्यंत लिहून घेतला. लंडनने त्याला इतक्या पश्चिमेपर्यंत जाण्यास सांगितले नव्हते. तो प्रदेश इरोक्वायांचा नव्हता; शॉनी लोकांचे ते शिकारीचे रान होते. लोंढा आपल्या गावांपासून दूर दक्षिणेकडे वळविण्याचा इरोक्वायांचा त्यात हेतू होता. खर्च परवडेना म्हणून इंग्रज सैन्याने १७७२ मध्ये पिट किल्ला सोडला, तेव्हा व्हर्जिनिया व पेनसिल्व्हेनिया या दोन वसाहतीच संगमासाठी परस्परांशी भांडू लागल्या. एप्रिल १७७४ मध्ये यलो क्रीकजवळ सीमेवरील गोऱ्यांनी मिंगो प्रमुख लोगन याच्या आप्तांची हत्या केली. तीतून भडकलेल्या युद्धात व्हर्जिनियाचा राज्यपाल लॉर्ड डन्मोर याच्या सैन्याशी शॉनी प्रमुख कॉर्नस्टॉक एकाकी लढला. १० ऑक्टोबर रोजी पॉइंट प्लेझंट येथील दिवसभराच्या लढाईनंतर शॉनींना ओहायओ नदी ही सीमा मान्य करावी लागली. त्याच वर्षी क्वीबेक कायद्याने नदीच्या उत्तरेचा प्रदेश क्वीबेक प्रांताला जोडला गेला आणि व्हर्जिनियाच्या जमीनदारांच्या तक्रारींत एकीची भर पडली.

स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या पॅरिस तहात (१७८३) हा प्रदेश संयुक्त संस्थानांकडे गेला. त्या तहात इंडियनांचा उल्लेखही नाही. नदीच्या उत्तरेस त्यांचा प्रतिकार ग्रीनव्हिलच्या तहापर्यंत (१७९५) चालू राहिला. संगमावर आता सार्वजनिक उद्यान असून, दुकेन किल्ल्याची बाह्यरेषा जमिनीवर दगडांनी दर्शविली आहे. बूकेने १७६४ मध्ये बांधविलेली छोटी विटांची चौकी ही पिट किल्ल्याची एकमेव मूळ वास्तू तेथे उभी आहे.